आजच्या फरशीवर चालेल असा पांगुळगाडा घरी कसा करावा

पांगुळगाडा दिसायला सोपा असतो. तीन चाकं, एक चौकट, धरायला दांडी. मी माझ्या भाचीसाठी पहिला गाडा केला तो जुन्या गाड्याकडे बघूनच, मापं जशीच्या तशी उचलून. तिने दांडीला धरून स्वतःला वर ओढलं आणि गाडा मागे, तिच्या अंगावर आला. खाली गादी होती म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी गाडा पुढे इतका भरभर पळाला की तिचे हात दांडीला आणि पाय मागेच राहिले. मग लक्षात आलं की जुना गाडा चुकीचा नव्हता. तो सारवलेल्या जमिनीसाठी होता. शेणामातीची जमीन चाकाला धरून ठेवते, लाकडी आसावर लाकडी चाक कुरकुरत फिरतं, त्यामुळे गाडा आपोआप बाळाच्या पावलाइतकाच सरकतो. आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर तोच गाडा घसरगुंडी होतो.

म्हणून खालच्या आराखड्यात तीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. मागची चाकं दांडीच्या बरीच मागे आहेत, पुढे वजन ठेवायची सोय आहे, आणि चाकाचा वेग कमी-जास्त करता येतो. बाकी मापं घर, लाकूड आणि हात बघून थोडी बदलली तरी चालतील. या तिन्हींना मात्र हात लावू नका.

बाळ कधी तयार असतं, हे आधी बघा. आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण 8 ते 18 महिने इतकं सैल आहे, त्यामुळे वाढदिवस बघून गाडा हातात देऊ नये. बाळ पलंगाला धरून स्वतः उभं राहतं आणि कडेकडेने दोन-चार पावलं टाकतं, तेव्हा गाड्याची वेळ झाली. बसायच्या झोळीचा गोल प्लॅस्टिकचा वॉकर ही वेगळी वस्तू आहे. त्यात बाळ लटकून पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं. अपघातांमुळे कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्यात बाळाचं वजन त्याच्या स्वतःच्या पायांवर असतं आणि कंटाळा आला की ते दांडी सोडून खाली बसू शकतं. तरी जिना, उंबरा आणि मोठ्या माणसाची नजर या बाबतीत दोघांनाही तोच नियम: नजरेआड गाडा नाही.

लाकूड

शिवण मिळाली तर तीच घ्या. हलकी असते, रंध्याखाली छान येते आणि वाळल्यावर सहसा पिळत नाही. सागवान उत्तम, पण महाग. वखारीत खिडकी-दाराच्या कामातले सागाचे तुकडे स्वस्तात मिळतात आणि आपल्याला 17 इंचांपेक्षा लांब तुकडा लागतच नाही, तेव्हा ते विचारून बघा. आंब्याचं लाकूड स्वस्त असतं, पण त्याला कीड लवकर लागते. पिठासारखा भुसा पडणारी बारीक भोकं दिसली तर तो तुकडा परत ठेवा. मालाच्या पॅलेटचं पाइन वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेलं, ते बाळाच्या वस्तूला नको. शिक्काच नसेल किंवा तेलाचे डाग असतील तर तेही नको.

सगळी चौकट एकाच मापाच्या पट्टीतून निघते: 12 सूत रुंद, 8 सूत जाड, म्हणजे दीड इंच बाय एक इंच. (8 सुतांचा 1 इंच. वखारीत अजून याच मापात बोलतात.) हे माप रंधून झाल्यावरचं आहे, हे सांगूनच पट्टी घ्या. तुकडे असे:

बाजू – 2, प्रत्येकी 16 इंच
आडव्या – 2, प्रत्येकी 14 इंच
जिभा (पुढचं चाक धरणाऱ्या) – 2, प्रत्येकी 15 इंच
खांब – 2, प्रत्येकी 17 इंच
तिरके टेकू – 2, प्रत्येकी साधारण 10 इंच

बेरीज बरोबर 12 फूट होते. 14 फूट घ्या, कारण गाठ नेमकी खाचेच्या जागी येते. शिवाय चाकांसाठी अर्धा इंच जाडीची फळी, 6 सूत जाडीची 12 इंच लांब गोल दांडी आणि 11 बाय साडेनऊ इंचांचा जाड प्लायचा तुकडा लागेल. दांडी याहून जाड नको. बाळाची मूठ 6 सुतांभोवती पूर्ण बंद होते, लाटण्याएवढ्या जाडीभोवती होत नाही.

लोखंडी सामान: मागच्या चाकांना 8 मिमी जाडीचे 60 मिमी लांब बोल्ट 2, पुढच्या चाकाला त्याच जाडीचा 75 मिमी लांब 1, खांबांना 6 मिमी जाडीचे 50 मिमी लांब गोल डोक्याचे बोल्ट 4, सगळ्यांना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले). वायसर, सव्वा इंची आणि दोन इंची स्क्रू, पाण्याने न सुटणारा फेव्हिकॉल. साधा नट घेऊ नका. नायलॉक नट घट्ट न करता जिथे थांबवाल तिथेच राहतो, आणि वेग ठरवायला पुढे तेच उपयोगी पडणार आहे.

चाकं आधी करा

चाकं शेवटी ठेवली तर कंटाळून वेडीवाकडी होतात, म्हणून पहिल्या दिवशी तीच उरका. फांदीची आडवी चकती कापून चाक करायचा मोह होतो, दिसतंही सुंदर. करू नका. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते मध्याकडे आकसतं. या ओढाताणीत चकती कडेपासून मध्यापर्यंत उभी तडकते.

अर्ध्या इंचाच्या फळीचे साडेपाच इंचांचे सहा चौकोन कापा. दोन-दोन चौकोन फेव्हिकॉल लावून असे चिकटवा की एकाच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील. वर वजन ठेवून रात्रभर सोडा. रेषा आडव्या-तिडव्या असल्याने हे चाक आपटलं तरी रेषेवरून दुभंगत नाही. मग कर्णाच्या रेघा मारून मध्य काढा, अडीच इंचांची त्रिज्या घेऊन कंपासने वर्तुळ काढा, आणि करवतीने आधी चार कोपरे उडवून आठ कोन करा, मग सोळा. उरलेलं काम कानशीचं. शेवटी मधल्या भोकात बोल्ट घालून तो ड्रिलमध्ये धरा आणि चाक सावकाश फिरवत त्यावर पॉलिश पेपर टेका. गोलाई डोळ्यांदेखत सुधारते. एका हाताने ड्रिल, दुसऱ्याने कागद असं करू नका. ड्रिल शिकंज्यात बांधा.

मधलं भोक साडेआठ मिमीचं हवं आणि अगदी काटकोनात. भोक तिरकं गेलं तर चाक लंगडतं. ड्रिल हातातच धरणार असाल तर शेजारी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) उभा ठेवून त्याच्या समांतर पाडा.

चाकाच्या धावेवर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी रबर सोल्यूशनने चिकटवा. जोड तिरका कापा म्हणजे कड उचलली जात नाही. टाइल्ससाठी ही पट्टी आवश्यक आहे. कोब्याची किंवा खडबडीत शहाबादी फरशी असेल तरच वगळा.

चौकट

एका मोठ्या पुठ्ठ्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर खडूने गाडा खऱ्या मापात काढा. माप पट्टीवरून वाचून लाकडावर नेताना चूक होते. लाकूड आराखड्यावर ठेवून खूण केली की होत नाही.

दोन्ही बाजू समांतर, त्यांच्या आतून आत अंतर 12 इंच. त्यांवर दोन आडव्या पालथ्या पडतात. पुढची आडवी बाजूंच्या पुढच्या टोकाशी बरोबर. दुसरीचा मध्य बाजूंच्या मागच्या टोकापासून 7 इंचांवर. त्याच्या मागे काहीही आडवं नाही. ती मोकळी जागा बाळाच्या पायांसाठी आहे. जुन्या बऱ्याच गाड्यांत मागचा आस या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जातो आणि पावलं त्यावर आपटतात. म्हणून इथे मागच्या प्रत्येक चाकाला आपापला बोल्ट दिला आहे.

दोन्ही जिभा मधोमध, बाजूंना समांतर. मधल्या आडवीच्या मागच्या कडेशी सुरू होऊन पुढच्या आडवीखालून साधारण 5 इंच बाहेर निघतात. दोघींच्या मध्ये 1 इंच 2 सूत फट, म्हणजे आडवीच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे पाच-पाच सूत. या फटीत पुढचं चाक फिरेल.

प्रत्येक सांध्यावर निम्मी-निम्मी खाच: बाजूला आणि जिभेला वरून 4 सूत खोल, 12 सूत रुंद, आडवीला खालून 4 सूत खोल, 8 सूत रुंद. अशा आठ जागा, सोळा खाचा. करवतीने दोन्ही कडा कापा, मध्ये आणखी दोन-तीन काप घ्या आणि पटाशीने दोन्ही बाजूंनी मध्याकडे येत साफ करा. एकाच बाजूने पटाशी मारत गेलात तर पलीकडची कड चिंबते. खाच रेघेच्या आत कापून कानशीने सैल करत न्या. हाताच्या दाबाने बसेल आणि उलटं केल्यावर पडणार नाही, इतकं घट्ट हवं. हे जमलं की गाडा अर्धा झाला. खाचा न पाडता नुसते स्क्रू मारले तर महिनाभरात चौकट डुलू लागते, आणि डुलणारी चौकट बाळाला लगेच कळते, ते दांडी धरायला कचरतं.

चिकटवण्याआधी आसाची भोकं पाडा. बाजूंमध्ये मागच्या टोकापासून दीड इंचांवर, जिभांमध्ये पुढच्या टोकापासून दीड इंचांवर, उंचीच्या बरोबर मध्यावर. दोन्ही बाजू एकत्र बांधून एकदमच भोक पाडा म्हणजे चाकं समोरासमोर येतात. बोल्टची डोकी आत बुडावीत म्हणून बाजूंच्या आतल्या अंगाला आणि एका जिभेच्या बाहेरच्या अंगाला 6 मिमी खोल मोठं भोक करा. दुसऱ्या जिभेला नटासाठी 10 मिमी. बाळाच्या पायाला लागेल असं लोखंड कुठेही बाहेर राहता कामा नये.

आता फेव्हिकॉल, प्रत्येक सांध्यावर वरून एक सव्वा इंची स्क्रू (आधी बारीक भोक पाडून, नाहीतर टोकाशी लाकूड फाटतं), आणि कर्ण मोजणं. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकट काटकोनात आहे. ओलं असतानाच मोजा, वाळल्यावर उपाय नाही.

खांब आणि दांडी

खांब बाजूंच्या आतल्या अंगाला उभे राहतात, मधल्या आडवीला मागून टेकून. खांबाचा तळ बाजूच्या खालच्या कडेशी बरोबर. वरून 1 इंच सोडून 6 सुतांचं भोक, त्यातून दांडी. अशी दांडी जमिनीपासून पावणेअठरा इंचांवर येते. वर्षाच्या बाळाची उंची सरासरी 74 ते 76 सेंमी असते, त्याला ती छातीच्या जवळपास बसते. तुमचं बाळ उंच किंवा ठेंगणं असेल तर खांब इंचभर कमी-जास्त करा.

दांडीचा मध्य आता मागच्या आसाच्या 4 इंच पुढे आहे. बाळ दांडीला लोंबकळतं तेव्हा त्याचं वजन तीन चाकांच्या आत पडतं. माझ्या पहिल्या गाड्यात हे अंतर शून्य होतं. रुंदीचंही असंच आहे. पुढे एकच चाक असल्याने तीन चाकांचा त्रिकोण पुढे निमुळता होतो, म्हणून दांडी चाकांइतकी रुंद केली तर टोकाला धरल्यावर गाडा कलंडतो. इथे खांबांच्या मध्ये 10 इंचच दांडी आहे. ती वाढवू नका.

खांब बाजूंना प्रत्येकी दोन बोल्टांनी जोडा, बोल्ट एकमेकांना तिरके, गोल डोकी आत, नट बाहेरून बुडवलेले. इथे फेव्हिकॉल लावू नका, खांब पुढे काढायचे आहेत. खांबातून मधल्या आडवीत एक दोन इंची स्क्रू. मग टेकू. त्याचं खालचं टोक 45 अंशांत कापून बाजूच्या पट्टीवर, मागच्या टोकापासून साडेबारा इंचांवर टेकवा आणि खालून दोन इंची स्क्रू मारा. वरचं टोक खांबाच्या बाहेरच्या अंगाला सपाट बसतं, तिथे दोन सव्वा इंची स्क्रू. टेकूशिवाय खांब आठवड्यात ढिले होतील, कारण चौदा इंचांचा दांडा बाळ दिवसभर पुढे-मागे हलवणार आहे.

दांडी फेव्हिकॉलने बसवा आणि खांबाच्या कडेतून बारीक भोक पाडून लाकडी खुंटी ठोका, म्हणजे ती हातात फिरणार नाही. मध्ये आणखी एखादी आडवी दांडी घालून शिडी करावीशी वाटेल, जुन्या गाड्यांना असायचीही. घालू नका. साधारण 9 ते 23 सेंमी रुंदीच्या फटीत लहान मुलाचं डोकं शिरून अडकू शकतं. आपली मोकळी जागा त्याहून मोठी आहे आणि टेकूखालचा त्रिकोण त्याहून लहान. बोटांचाही असाच नियम: हलणाऱ्या भागाजवळची फट 5 मिमीपेक्षा कमी किंवा 12 मिमीपेक्षा जास्त.

शेवटी आडव्यांवर प्लायचा तुकडा स्क्रूने बसवा. घट्ट विणीच्या कापडाची दुहेरी शिवलेली पिशवी करून तिच्यात 2 किलो धुतलेली वाळू भरा आणि आखूड बंदांनी प्लायवर, पुढच्या बाजूला बांधा. गाडा स्वतः अडीच-तीन किलोंचा होतो, तेवढं वजन पुरत नाही.

घासणं आणि लेप

80, 120, 220 नंबरचे कागद या क्रमाने. सगळ्या कडा चौपदरी रुमालावर घासल्या तरी धागा निघणार नाही इतक्या गोल करा. खांबांच्या टोकांना जास्त वेळ द्या, कारण बाळ पडताना हनुवटी तिथेच येते, आणि दात येत असलेलं मूल दांडी चावतंच.

म्हणून लेप निवडताना तो पोटात जाणार आहे असंच धरा. मी लाखेचं पॉलिश लावतो: 100 ग्रॅम लाखेच्या पापड्या अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून, चार-पाच पातळ हात. स्पिरिट विषारी आहे, पण ते उडून जातं आणि मागे फक्त लाख राहते. काम गॅसपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करा आणि गाडा चार दिवस उघड्यावर राहू द्या. जवसाचं कच्चं तेलही चालेल, ते वाळायला आठवडे घेतं. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा, मग टाका. रंगच हवा असेल तर माळ्यावरचा जुना डबा काढू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्याचा भरवसा नाही. घुंगरू, मणी, गोंडे बांधायचा हट्ट आजी धरतील. साधारण 32 मिमी व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात जाऊ शकते. गाड्याला सुटण्यासारखं काही नको.

वेग

मागच्या चाकांचा क्रम असा: बाजू, चामड्याची किंवा जुन्या ट्यूबची चकती, एक वायसर, चाक, वायसर, नट. चामडं ब्रेकचं काम करतं. पुढच्या चाकाला दोन्हीकडे साधे वायसर पुरे. आता मागचे नट इतके आवळा की गाडा ढकलून सोडल्यावर वीतभरही पुढे जाऊ नये. पहिले पंधरा दिवस एवढं जड असू द्या. घरातलं कोणीतरी म्हणेलच, ‘अहो, सरकतच नाही!’ बाळ सरकवतं. त्याची पावलं स्थिर झाली की दर आठवड्याला नट पाव फेरा सैल करा.

बाळाच्या हाती देण्याआधी दोन चाचण्या. दांडीवर 10 किलो तांदळाची पिशवी टांगून गाडा हलवा. कुठे कुरकुरलं तर तो सांधा बघा. मग चाकांमागे विटा लावून दांडीला सामानाचा स्प्रिंगचा काटा अडकवा आणि आडवा मागे ओढा. काटा 2 किलो दाखवेपर्यंत पुढचं चाक जमिनीवरून उचललं जाता कामा नये. उचललं तर वाळू वाढवा किंवा पिशवी आणखी पुढे सरकवा.

पहिला महिना दर रविवारी नट, स्क्रू आणि रबराची पट्टी तपासा, नंतर महिन्यातून एकदा. पावसाळ्यात लाकूड फुगून चाक अडलं तर भोक कानशीने किंचित मोठं करा, तेल घालू नका, तेलाने चामड्याचा ब्रेक जातो. आणि बाळ धावायला लागलं की खांबांचे चार बोल्ट, आडवीतले स्क्रू आणि टेकूंचे स्क्रू काढा. वाळूची पिशवी उतरवली की खाली उरते ती तीन चाकांची सपाट गाडी. माझी भाची सध्या तिच्यावरून भोपळे वाहते.